राजीनामा सोपा, विक्री अवघड : व्हिडिओ गेम करणाऱ्यांचा थोडा इतिहास

परवा संध्याकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर भेटले. ओळख जुनी. त्यांच्याच गाडीने मी कॉलेजला जायचो. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलले आणि मग मुद्द्यावर आले.

"पत्रकार, पोरगं तुमचं ऐकतं. जरा दोन शब्द सांगा त्याला."

पोरगा इंजिनिअर. हिंजवडीला एका कंपनीत चार वर्षं होता. दिवाळीनंतर राजीनामा देऊन घरी आलाय. माडीवरच्या खोलीत बसून गेम बनवतो. आईने पाहुण्यांना सांगितलंय की घरून काम करतो. वडिलांना रात्री झोप नाही.

"गेम म्हणजे रमीचंच ना ते? त्यावर तर सरकारने बंदी आणली."

त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या गावात गेम या शब्दाला दोनच अर्थ उरलेत. एक, पोरं मोबाइलवर गोळ्या झाडतात तो. दुसरा, ज्याच्यापायी दोन-तीन घरं कर्जात बुडाली तो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला तो या दुसऱ्याबद्दल, म्हणजे पैसे लावून खेळण्याबद्दल. हा पोरगा करतोय ते वेगळं. कादंबरी किंवा सिनेमासारखं. एकदा विकत घ्यायचं आणि खेळायचं. एवढं मी त्यांना समजावलं. पण "यातून पोट भरतं का?" या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून चार दिवस वाचन केलं. जे सापडलं ते इथे मांडतोय, कारण आज हा प्रश्न एका घरात असला तरी उद्या दहा घरांत येणार आहे.

नोकरी सोडून स्वतःचा गेम काढायचा, हे खूळ आजचं नाही. त्याला पंचेचाळीस वर्षांहून मोठा इतिहास आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. १९७७ साली अटारी कंपनीने टीव्हीला जोडायचं एक यंत्र बाजारात आणलं. त्यात कॅसेटसारखं कार्ट्रिज घालायचं, की गेम सुरू. हे गेम लिहिणारे लोक पगारी नोकर होते. तेव्हा एक माणूस एक पूर्ण गेम लिहायचा. चित्र, आवाज, नियम सगळं एकट्याचं. आणि यंत्राची चालती स्मृती किती, तर १२८ बाइट. आज आपण व्हॉट्सॲपवर सकाळी जो सुविचार पाठवतो, त्याला याहून जास्त जागा लागते.

डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन असे चौघे तिथे होते. एक दिवस कंपनीच्या विक्री विभागाने एक कागद फिरवला. कोणता गेम किती खपला त्याची यादी. हेतू असा की खपणाऱ्यासारखे आणखी गेम करा. क्रेनने पुढे बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय की यांनी त्या कागदावर बेरीज मारली, तेव्हा लक्षात आलं की सुमारे १० कोटी डॉलरच्या विक्रीतला साठ टक्के वाटा आपल्या चौघांच्या गेमचा आहे. पगार मात्र प्रत्येकी वर्षाला वीस-तीस हजार डॉलर. डब्यावर नाव नाही, विक्रीत हिस्सा नाही.

ते साहेबांकडे गेले. अटारीचे प्रमुख रे कसार हे कापड उद्योगातून आलेले गृहस्थ. क्रेनच्या आठवणीप्रमाणे त्यांचं म्हणणं असं, की कार्ट्रिज जुळवणाऱ्या कामगाराइतकंच तुमचं महत्त्व, त्याहून जास्त नाही.

चौघांनी नोकरी सोडली. ऑक्टोबर १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे गेम करून विकणारी ही पहिली कंपनी.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. ताठ मानेने राजीनामा, टाळ्या. पण ती नीट वाचली तर मधले काही तपशील दिसतात. यांनी रागाच्या भरात कागद फेकला नाही. आधी वकील गाठला. जुन्या कंपनीचं काय वापरता येईल आणि काय नाही, ते समजून घेतलं. मग जिम लेवी नावाचा माणूस सोबत घेतला. त्याला गेममधलं फारसं कळत नव्हतं, पण तो संगीताच्या रेकॉर्डच्या धंद्यातून आलेला होता. माल दुकानात कसा पोचतो, जाहिरात कशी करायची, कलाकाराच्या नावावर कसं विकायचं, हे त्याला ठाऊक होतं. भांडवलदार कंपनीकडून सुमारे सात लाख डॉलर उभे केले. लिहिणारे चौघे होते, पण विकणारा माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

लेवीने रेकॉर्डवर गायकाचं नाव असतं तसं गेमवर करणाऱ्याचं नाव छापलं. माहितीपत्रकात फोटो टाकला. गिऱ्हाइकाने अमुक गुण मिळवून टीव्हीच्या पडद्याचा फोटो पोस्टाने पाठवला, तर कंपनी त्याला शर्टावर शिवायचा कापडी बिल्ला पाठवायची. क्रेनचा 'पिटफॉल' १९८२ साली आला. त्यात २० हजार गुण मिळवले की बिल्ला. पोरं तो बिल्ला लावून शाळेत फिरायची. फुकटची जाहिरात. या गेमच्या चाळीस लाखांवर प्रती खपल्या.

अटारीने १९८० साली कोर्टात खेचलं होतंच. १९८२ मध्ये तडजोड झाली. ॲक्टिव्हिजनने अटारीला रॉयल्टी द्यायची आणि धंदा चालू ठेवायचा. म्हणजे रस्ता कायद्याने मोकळा झाला.

मग काय झालं? सगळे त्या रस्त्याने धावले. ज्याचा गेमशी सुतराम संबंध नाही तोही कार्ट्रिज काढू लागला. दुकानांत मालाचा डोंगर. १९८३ साली अमेरिकेतला हा बाजार कोसळला. दुकानदारांनी माल मातीमोल भावाने फुंकून टाकला. ॲक्टिव्हिजनसुद्धा तोट्यात गेली. मिलर आणि व्हाइटहेड १९८४ मध्ये तिथूनही बाहेर पडले आणि दुसरी कंपनी काढली. त्या लाटेत आणखी कितीजण चांगल्या नोकऱ्या सोडून आले आणि बुडाले, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. इतिहास चौघांचा लिहिला गेला.

दुसरी गोष्ट मला जास्त आपली वाटते, कारण ती मोठ्या शहरातली नाही. श्रीव्हपोर्ट हे लुइझियाना राज्यातलं नदीकाठचं गाव. आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणासारखं. तिथे सॉफ्टडिस्क नावाची कंपनी होती. दर महिन्याला वर्गणीदारांना फ्लॉपी डिस्कवर मासिक पाठवायची. आत छोटे प्रोग्राम आणि गेम. जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक हे तरुण तिथे नोकरीला.

सप्टेंबर १९९० मध्ये जॉन कारमॅकने एक युक्ती शोधली. तेव्हाच्या साध्या पीसीवर चित्र सलग सरकत नसे, धक्के खात खात जाई. त्याने ते गुळगुळीत सरकवून दाखवलं. मग एका रात्रीत त्याने आणि हॉलने निन्टेंडोच्या मारिओच्या एका टप्प्याची पीसीवर नक्कल उतरवली. सकाळी रोमेरोने ते पाहिलं आणि त्याला कळलं की आता इथे राहण्यात अर्थ नाही. निन्टेंडोला नमुना पाठवला, त्यांनी नकार दिला. त्यांना पीसीच्या बाजारात उतरायचं नव्हतं.

तर या पोरांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला का? नाही. दिवसा नोकरी केली. रात्री आणि शनिवार-रविवारी स्वतःचा गेम. घरी चांगले कॉम्प्युटर नव्हते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसचेच कॉम्प्युटर गाडीत घालून भाड्याच्या घरी न्यायचे आणि सोमवारी परत आणून ठेवायचे. ही उसनवारी की चोरी, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी त्याची भलामण करणार नाही.

त्यांना विकणारा माणूस कसा मिळाला, ते ऐकण्यासारखं आहे. टेक्सासमध्ये स्कॉट मिलर नावाचा माणूस अपोजी नावाने गेम विकायचा. त्याला रोमेरोला गाठायचं होतं. पण कंपनीत आलेली पत्रं आधी तपासली जातात असा त्याचा अंदाज होता. म्हणून त्याने वेगवेगळ्या नावांनी चाहत्याची पत्रं लिहिली, पत्ता मात्र सगळ्यांवर एकच. रोमेरोने पत्रं कौतुकाने भिंतीला लावली आणि मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं की पत्ता सारखाच आहे!

मिलरची विक्रीची पद्धत साधी होती. गेमचे तीन भाग करायचे. पहिला फुकट सोडायचा. लोकांनी तो फ्लॉपीवर उतरवावा, मित्राला द्यावा, फोनलाइनवरून पसरवावा, काही हरकत नाही. आवडला तर पुढच्या भागांसाठी पैसे पाठवा. भेळवाला आधी मूठभर हातावर ठेवतो, तसंच हे. याला शेअरवेअर म्हणतात. ना दुकान, ना दलाल.

मिलरने दोन हजार डॉलर उचल दिली. तीन महिन्यांत 'कमांडर कीन' तयार झाला आणि १४ डिसेंबर १९९० रोजी बाहेर पडला. जानेवारीत पहिला चेक आला, दहा हजार डॉलरच्या वर. चेक हातात पडल्यावर मग राजीनाम्याची भाषा. १ फेब्रुवारी १९९१ रोजी त्यांची आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी सुरू झाली. आणि मजा म्हणजे, वाटाघाटी होऊन असं ठरलं की हेच लोक जुन्या कंपनीला बाहेरून गेम करून देत राहतील. म्हणजे नोकरी सोडल्यावरही जुना मालक हेच पहिलं नियमित गिऱ्हाईक. याच मंडळींनी १९९३ साली 'डूम' काढला आणि त्यांचं नाव जगभर झालं.

तिसरी गोष्ट आत्ताची. एरिक बॅरोन, सिएटल भागातला. २०११ मध्ये पदवी घेतली, मनासारखी नोकरी लागली नाही. शेतीवरचा एक गेम एकट्याने करायला बसला. साडेचार वर्षं लागली. चित्रं, संगीत, संवाद, प्रोग्राम सगळं त्याचं. 'स्टारड्यू व्हॅली' हा गेम २६ फेब्रुवारी २०१६ रोजी आला आणि २०२४ अखेर त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. गेमची सुरुवात कशी होते माहितीये? एक माणूस ऑफिसातल्या टेबलाला कंटाळतो, आजोबांनी मागे ठेवलेलं पत्र उघडतो आणि नोकरी सोडून त्यांच्या शेतावर जातो.

पोरं हीच गोष्ट डोक्यात घेऊन राजीनामा देतात. पण त्या साडेचार वर्षांत बॅरोन जेवला कशावर? तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं अर्धवेळ काम करत होता. आणि घर मुख्यतः चालवलं त्याच्या मैत्रिणीने. ती शिकत होती, शिवाय कामंही करत होती. बॅरोनने स्वतः हे लपवलेलं नाही. गोष्ट सांगणाऱ्यांच्या तोंडून मात्र ते गळून पडतं.

आता दुकानाचं बघा. आज पीसीवरचे गेम मुख्यतः स्टीम या ऑनलाइन दुकानातून विकले जातात. कुणीही १०० डॉलर भरून आपला गेम तिथे मांडू शकतो. विक्रीतले साधारण तीस टक्के दुकानाचे. दार सताड उघडं आहे. म्हणूनच २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. दिवसाला पन्नास! १९७९ साली दुकानात शिरणं अवघड होतं. आज शिरणं सोपं आहे, पण त्या गर्दीत कुणाची नजर आपल्यावर पडणं अवघड.

आपल्या महाराष्ट्रातलंही एक उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' नावाचा गेम केला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली राजी नावाची मुलगी, आणि तिची कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीसाठी किकस्टार्टरवर मोहीम काढली. ती फसली, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी ते थांबले नाहीत. पुढे प्रकाशक मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनच्या वर्षात, निन्टेंडोने आपल्या कार्यक्रमात हा गेम दाखवला आणि त्याच दिवशी तो विक्रीला आला. थोडक्यात, दुकानदारानेच माल दर्शनी कपाटात ठेवला. त्या वर्षीच्या गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होतं. मधली तीन वर्षं कशी काढली असतील, ते ज्यांनी काढली त्यांनाच माहीत.

हे सगळं वाचल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. जे टिकले त्यांच्या धाडसाबद्दल आपण भरभरून बोलतो. पण प्रत्येकाकडे धाडसाशिवाय दोन गोष्टी होत्या. एक, माल गिऱ्हाइकापर्यंत नेणारा माणूस किंवा रस्ता. दोन, गेम पूर्ण होईपर्यंत रोजचा डबा कुठून येणार याची सोय. ती सोय पगाराची असो, उचलीची असो, जुन्या मालकाच्या कामाची असो, नाहीतर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कमाईची.

हे मला लगेच पटलं, कारण माझं स्वतःचं तसंच झालंय. २००९ साली मी एका दैनिकातली नोकरी सोडून साप्ताहिक काढलं होतं. चौदा महिने चाललं. मजकूर चांगला होता, आजही म्हणेन. पण अंक स्टॉलवर पोचवायचा कुणी आणि जाहिरातीची वसुली करायची कुणी, याचा विचार मी अंक छापून झाल्यावर केला. त्या चौदा महिन्यांत घर बायकोच्या शाळेच्या पगारावर चाललं. पुढे एक-दोन सत्कारात मी "स्वतःच्या हिमतीवर साप्ताहिक चालवलं" असं माइकवर बोललोय. ती समोरच्या रांगेत बसली होती. काही बोलली नाही.

रविवारी मी त्या पोराकडे गेलो. त्याने गेम दाखवला. एका एसटी कंडक्टरचा गेम आहे! गाडी भरलेली, पुढचा थांबा येईपर्यंत सगळ्यांची तिकिटं फाडायची, सुट्टे सांभाळायचे, वेबिल भरायचं, आणि मध्येच तपासणीस चढतात. मी अर्धा तास खेळलो आणि दोनदा मेमो खाल्ला.

"वडिलांना दाखवलंस?"

"नाही काका. ते चिडलेत. पूर्ण झाल्यावर दाखवीन."

"पैसे किती महिन्यांचे आहेत?"

"आठ."

"स्टीमवर पान केलंस का गेमचं?"

"तेही पूर्ण झाल्यावर."

मी त्याला परत नोकरी धर म्हणालो नाही. तो अधिकार माझा नाही. पण वाचलेलं सगळं सांगितलं. म्हटलं, विक्री शेवटी करायची नसते, आजपासून करायची असते. पान आज उघड. एखादा टप्पा फुकट खेळायला सोड. आठवड्यातले दोन-तीन दिवस बाहेरचं काम घे, आयडीवाल्यांनी जुन्या मालकाचं घेतलं तसं. म्हणजे आठाचे चौदा-पंधरा महिने होतील. आणि आठ महिने संपल्यावर वडिलांच्या ग्रॅच्युइटीकडे बघणार असशील तर ते आत्ताच त्यांच्यासमोर बसून बोल. ती तुझ्या बहिणीच्या लग्नाची रक्कम आहे. गृहीत धरू नकोस.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने खालून वडिलांना बोलावलं.

ते आले, उभ्यानेच पाहत राहिले. पाच मिनिटांनी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "हे चुकलंय. म्हातारं माणूस चढलं की आधी कार्ड बघायचं, मग अर्धं तिकीट. आणि मुक्कामी गाडीला एवढी घाई नसते." पोरगा वहीत लिहून घ्यायला लागला.

यावरून सगळं ठीक झालं असं समजू नका. काल पुन्हा टपरीवर भेटले तेव्हा काळजी तशीच होती. फक्त आता ते "रमी" म्हणत नाहीत.

शेवटी एक सार्वजनिक मुद्दा. राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केलं. चांगली गोष्ट. पण असं धोरण आलं की आपल्याकडे आधी मोठ्या शहरात इमारत उभी राहते आणि फीत कापली जाते. आपल्या आमदारांना आणि जिल्हा उद्योग केंद्राला माझं विचारणं साधं आहे. तालुक्याच्या गावात माडीवर बसून एकटा काम करणाऱ्या पोराला या धोरणातून वर्षभराचा डबा आणि विकण्याची मदत मिळणार आहे का? मिळणार असेल तर अर्ज कुठे करायचा, ते जाहीर सांगा. उत्तर आलं की याच पानावर टाकतो.

आणि ज्यांच्या घरात असा पोरगा किंवा पोरगी आहे त्यांनी ओरडण्याआधी एकदा खुर्ची ओढून बसावं. काय बनवतोय ते बघावं. मग हे दोन प्रश्न विचारावेत : विकणार कोण, आणि तोवर डबा कुठून? उत्तर नसेल, तर तेव्हा खुशाल ओरडा.